ताईचा उजवा पाय

४ फेब्रुवारी

ऑईल कंपनीचा एजंट दरवर्षी एक डायरी फुकट देऊन जातो आणि दरवर्षी दाढी तिच्यावर चहाचा ग्लास ठेवतो. दाढी म्हणजे माझा फिटर. यंदा मी ती त्याच्या हातून काढून घेतली, कारण यंदा लिहिण्यासारखं काहीतरी आहे.

आज गॅरेजवर नवी पाटी लागली. ‘परदेशी गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कामे खात्रीशीर होतील.’ दाढीने खाली उभं राहून सावकाश वाचली आणि म्हणाला, ‘शेठ, खात्री कुणाची?’ त्याला असले प्रश्न फार पडतात. मी म्हटलं, माझी.

बंदरातून उतरलेल्या जुन्या परदेशी गाड्या हल्ली गल्लोगल्ली दिसतात. दिसायला छान, चालायला मऊ, पण गिअरबॉक्स बिघडला की मालकाची पाचावर धारण बसते. शोरूमवाले म्हणतात अख्खा बदला, बाकीचे गॅरेजवाले हात वर करतात. म्हटलं, सगळे हात वर करतात तिथे आपण हात घालावा. इतकी वर्षं साधे गिअरबॉक्स खोलतोय, शेवटी लोखंडच ते.

७ फेब्रुवारी

मुहूर्त ताईच्या गाडीने केला.

तिच्या गाडीला काहीही झालं नव्हतं. मीच म्हटलं, घेतल्यापासून तेल बदललेलं नाहीस, आण. ती म्हणाली, ‘तू म्हणतोस तर आणते.’ ताई अशीच आहे. माझ्याहून मोठी, पण गाडीच्या बाबतीत मी सांगेन ती पूर्व दिशा.

तिचा डावा पाय लहानपणच्या आजारात गेला. बारीक राहिला, जोर नाही. क्लचची गाडी तिला जमणं शक्य नव्हतं, म्हणून ही छोटी ऑटोमॅटिक. एकाच पायाचं काम, आणि तिचा उजवा पाय पोलादी आहे. सकाळी लॅबची पेटी घेऊन निघते आणि घरोघरी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रक्ताचे नमुने घेते. लोक म्हणतात, तिची सुई टोचलेली कळत नाही. गाडी घेतल्यापासून तिचा आवाज वाढलाय असं भाऊजी म्हणतात. भाऊजी म्हणजे तिचे मिस्टर. चेष्टेत म्हणतात.

या गाडीत गिअर असे नाहीतच. दोन शंकू आणि त्यांच्यावरून फिरणारी पोलादी साखळी. शंकू जवळ-लांब होतात तसा वेग बदलतो. हा प्रकार मी प्रथमच पाहिला, पण दाढीसमोर तसं दाखवलं नाही. जुनं तेल काढलं, बाजूच्या बुचातून नवं भरलं, बाहेर सांडायला लागल्यावर बूच लावलं. साध्या गिअरबॉक्सला असंच भरतात. बुचाजवळ परक्या लिपीतलं एक लेबल होतं, त्यावर थर्मामीटरचं चित्र. गरम असतं, हात भाजेल असं असणार.

ऑईल कंपनीच्या तक्त्यात दिलंय त्याहून बरंच कमी तेल मावलं. जुनं थोडं आत राहिलं असेल. उरलेला डबा ताईच्या नावाने फळीवर ठेवून दिला.

संध्याकाळी भाऊजी गाडी न्यायला तिच्याबरोबर आले. ‘काय इंजिनियर, जमलं का?’ मी म्हटलं, ‘तुमच्या हयातीत आता हा गिअरबॉक्स उघडायला नको.’ जरा जास्तच बोललो, पण ते ‘इंजिनियर’ म्हणतात ना, तेव्हा नाकाला मिरच्या झोंबतात.

१५ फेब्रुवारी

ताईचा फोन. म्हणते, गाडी गुणगुणते. चढावर जास्त. मी म्हटलं, नवं तेल आहे, बसायला वेळ लागतो. तेल बसतं म्हणजे काय हे तिने विचारलं नाही. बरं झालं, मला सांगता आलं नसतं.

दोन नवे ग्राहक पाटी वाचून आत आले. एक पत्ता विचारायला आला होता, पण दुसरा खरा.

१९ फेब्रुवारी

आज लिहायचं नव्हतं, तरी लिहितो.

ताईची गाडी मोठ्या चौकात सिग्नलला बंद पडली. म्हणजे इंजिन चालू, ॲक्सिलरेटर दाबला की नुसतं ओरडतं, चाकं जागची हलत नाहीत. मागे गाड्यांची रांग आणि हॉर्न. मी टो करायची गाडी घेऊन पोचलो तेव्हा ताई दुभाजकाला टेकून उभी होती, एका हातात काठी, दुसऱ्या हातात नमुन्यांची पेटी. भाऊजी माझ्या आधी येऊन पोचले होते. चार माणसं गोळा झाली होती आणि प्रत्येकाला गाड्यांतलं कळत होतं.

भाऊजी मोठ्याने म्हणाले, ‘काय हो इंजिनियर? परवाच उघडला होता ना?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बॉनेट उघडलं, तेलाचा वास घेतला, जळका होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ताई, तू ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबतेस का गं? हे गिअरबॉक्स त्यानेच जळतात.’

ताई गोंधळली. म्हणाली, ‘नाही... म्हणजे सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवते मी.’ भाऊजींनी कपाळाला हात लावला. ‘तरी मी म्हणत होतो. एका पायाने दोन-दोन पेडल, कसं जमणार?’ गोळा झालेल्यांपैकी एकाने मान डोलावली. ताई आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिली.

तसं होऊही शकतं. काही लोकांच्या सवयी असतात. मी फक्त शक्यता बोललो.

२१ फेब्रुवारी

गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली. खालच्या तेलाच्या चेंबरचं बूच काढलं. मी जेवढं भरलं होतं तेवढंच निघालं, म्हणजे जेवढं असायला हवं त्याच्या निम्म्याला टेकलेलं. काळं, आणि त्यात लोखंडाची चमचम. गळती कुठेच नाही. दाढीने फळीवरच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाना धुवायला निघून गेला. एरवी याचं तोंड मिटत नाही.

२३ फेब्रुवारी

साखळीच्या गिअरबॉक्सचा एक जाणकार दुसऱ्या शहरात आहे, त्याचा नंबर मिळवला. सगळे त्याला साहेब म्हणतात. फोनवर माणूस फणसासारखा, आतला गरा अजून दिसायचाय. ओळख द्यायच्या आत विचारतो, ‘तेल कुणी बदललं?’

‘मी.’

‘पातळी इंजिन चालू ठेवून बघितली ना? तेल गरम असताना?’

तो सांगत सुटला. इंजिन चालू झालं की पंप निम्मं तेल वर ओढून घेतो, तेव्हा आणखी भरावं लागतं, मग पातळी बघायची. बंद गाडीत भरणारे गाढव असतात, तुम्ही त्यांतले नाही ना?

आता मला कळलं, बुचाजवळच्या लेबलावर ते थर्मामीटर कशाला होतं.

मी म्हटलं, ‘छे. चालू ठेवूनच बघितली.’

का म्हटलं? तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही, त्याचं तोंड मी कधी बघणार नाही. तरी म्हटलं. दाढी बाजूला उभा होता हे एक कारण असेल. आणि तो गाढव शब्द.

साहेब म्हणाले, मग तेलाचा विषय संपला, दोष गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये असणार. गाडी थोडी चालती करा, मी पुढचं सांगतो.

दाढीला जेवायला पाठवलं. तो नसताना नवं तेल भरलं, यावेळी इंजिन चालू ठेवून. केवढं तेल गेलं त्यात! फळीवरचा डबा रिकामा झाला आणि दुसरा फोडावा लागला. गाडी चालायला लागली. थोडी हिसके देते, पण चालते. कदाचित एवढ्यावरच निभावेल, आणि कुणाला काही सांगायची वेळ येणार नाही.

२६ फेब्रुवारी

ताई रिक्षाने गॅरेजवर आली, माझ्यासाठी डबा घेऊन. दाढीलाही पुरेल एवढा. म्हणाली, ‘तुला माझ्यामुळे फार त्रास होतोय.’ ताई हल्ली भलतीच गोड वागते. पूर्वी मी दोन दिवस दाढी केली नाही तरी बोलायची.

गाड्यांबद्दल कुतूहलही वाढलंय तिचं. विचारत होती, उतारावर ब्रेक दाबून ठेवला तर चालतो का? रिव्हर्स घेताना पाय हलका ठेवायचा की जड? ‘मी सिग्नलला पाय उचलतच नव्हते रे. त्यानेच झालं असेल का?’

मी तेव्हा बोल्ट आवळत होतो. म्हटलं, ‘असू शकतं. सांगता येत नाही.’

तिने मान हलवली. ‘माझ्या लक्षातच आलं नाही,’ म्हणाली. डबा धुऊन परत घेऊन गेली.

माझ्या वाटचं जेवण दाढीनेच संपवलं. कामाचा ताण फार आहे.

२ मार्च

वाटोळं झालं.

साहेबांचं म्हणणं, कॉम्प्युटरला नव्याने शिकवायला हवं. स्कॅनर लावून जुनं पुसा आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी दामटा, ॲक्सिलरेटर तळाला लावून. ‘शंकूंवर ओरखडे नाहीत याची खात्री आहे ना? तेल कधी कमी पडलं नव्हतं म्हणताय, मग नसणारच.’ मी म्हटलं, नसणारच.

चेंबरमधली चमचम मी पाहिली होती. ती कुठून आली ते न कळण्याइतका मी नवखा नाही. पण आता मागे कसं फिरायचं? म्हणजे आधी खोटं बोललो हे सांगायचं. त्यापेक्षा वाटलं, निभावेल.

शहराबाहेरच्या रस्त्यावर दामटली. दाढी शेजारी. पहिल्यांदा गुणगुणली, मग किंचाळली, मग खालून असा आवाज आला की दाढीने पाय वर घेतले. साखळी तुटली. तुटताना शंकू आणि कवच सगळं फोडून गेली.

टो होऊन परत येताना दाढी एवढंच म्हणाला, ‘शेठ, साहेबांना खरं सांगितलं असतं तर?’ मी म्हटलं, ‘तू आपलं काम कर.’ तो माझ्याकडे पाना पकडायला आला तेव्हापासून मी त्याच्याशी असं बोललो नव्हतो.

५ मार्च

गॅरेज बंद. ताप आहे असं सांगितलं. ताप नाही.

९ मार्च

गेले तीन दिवस भंगारबाजारात. परदेशी गाड्यांच्या गिअरबॉक्सचे ढीगच्या ढीग, पण साखळीवाला मिळेना. या गाड्याच मुळात थोड्या आल्या. एका दुकानदाराने हुबेहूब तसा दाखवला, मी खुशीत उचलून आणला. बसवताना कळलं, जागा सगळ्या जुळतात पण कॉम्प्युटर त्याला घेत नाही. दिसायला सख्खे भाऊ आणि आतली भाषा वेगळी. परत नेला. दुकानदार म्हणाला, ‘यात हात घातलात कशाला? आम्हीसुद्धा नुसता विकतो.’

मी पाटीबद्दल काही बोललो नाही.

१४ मार्च

भाऊजी आले होते. यावेळी ‘इंजिनियर’ म्हणाले नाहीत. उलट माझ्याच खांद्यावर हात ठेवला. ‘तू उगाच वाईट वाटून घेऊ नकोस. तिचीच चूक. गिअरबॉक्स मिळाला की बसव, मग विकून टाकू. मी तिला सांगितलंय, आता चालवणं पुरे. कुणाला उडवलं असतं तर?’

रोज सकाळी ते तिला त्यांच्या गाडीतून लॅबवर सोडतात आणि ऑफिस सुटल्यावर आणतात. तिच्या घरांची फेरी आता स्कूटरवाल्या एका मुलीकडे गेली. ताईला लॅबमध्येच बसून नळ्यांवर लेबलं चिकटवायचं काम दिलंय. फोनवर म्हणाली, ‘बरंच आहे रे, बसून काम. उन्हातान्हात फिरायला नको.’

खरंच तिची दगदग वाचली. प्रत्येक वाईटात काहीतरी चांगलं असतं असं मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, ‘ताई असं म्हणाल्या?’

१८ मार्च

ताईकडे जेवायला बोलावलं होतं. जायचं नव्हतं, बायकोने नेलं.

ताई फारशी बोलली नाही. भाऊजीच बोलत होते, तेही जपून, आजाऱ्यासमोर बोलतात तसं. ‘तिला मी म्हटलं, होतं असं, सगळ्यांनाच सगळं जमत नाही.’ ताई वाढत होती. पूर्वी ते असं काही म्हणाले की ती लगेच उलटून बोलायची आणि आम्हाला हसू यायचं. आज ‘हो ना’ म्हणाली.

माझा चमचा खाली पडला. उचलायला वाकलो तर टेबलाखाली, तिच्या खुर्चीसमोर, फरशीवर खडूने दोन चौकोन काढलेले. एक रुंद, एक उभा. शेजारची पोरं येतात खेळायला, त्यांचा उद्योग असणार. ताईला म्हटलं, ‘हे पुसून घे, पोरं घर रंगवतायत.’ तिने पटकन त्यावर पाय ठेवला. म्हणाली, ‘राहू दे. मी पुसते नंतर.’

येताना बायको गप्प होती. मला वाटतं भाजी तिखट होती म्हणून.

२२ मार्च

गिअरबॉक्स मिळाला. मागच्या बाजूने ठोकलेल्या तशाच एका गाडीतला, तेच वर्ष, नंबर जुळतो. पण बसवून कॉम्प्युटरशी जुळवायचा तर साहेबांशिवाय गत्यंतर नाही, आणि साहेब म्हणाले, पहिला का फुटला ते कळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू देणार नाही. ‘कॉम्प्युटर चांगला, तेल चांगलं, आणि साखळी तुटते? असं होत नाही. काहीतरी लपवताय.’

दाढी समोर होता. यावेळी त्याला जेवायला पाठवलं नाही.

म्हटलं, ‘तेल बंद इंजिनात भरलं होतं. पहिल्यांदा तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो.’

साहेब फोनवर ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. थकल्यासारखे म्हणाले, ‘त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी दामटायला सांगितलंच नसतं. शंकू घासून पुन्हा बसवता आले असते. तो गिअरबॉक्स तेव्हा वाचत होता.’

म्हणजे पहिलं पाप अज्ञानाचं, ते एक वेळ सोडा. मारला तो मी नंतर, सगळं कळल्यावर, शरम वाटू नये म्हणून. साहेबांना हे कळलं, दाढीला हे आधीच कळत होतं. ज्यांना सांगायला हवं त्यांना सोडून बाकी सगळ्यांना सांगून झालं.

२५ मार्च

बसवला. साहेब फोनवर, दाढी खाली, मी आत. इंजिन चालू, तेल गरम होऊ दिलं, एकेक करून सगळ्या जागांवर लिव्हर फिरवला, मग चालू इंजिनातच बूच उघडून पातळी पाहिली. बारीक धार आली, म्हणजे पातळी बरोबर. दाढीने अंगठा वर केला.

ट्रायल घेतली. गाडी लोण्यासारखी. इतकी सुरेख चालत होती की मी कडेला थांबवून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याने विचारलं, ‘बरं वाटत नाहीये का?’

मनात आलं ते लिहितो, लाज वाटली तरी. मनात आलं, आता गाडी नीट झालीच आहे. चावी द्यावी आणि म्हणावं, ‘ताई, चालव बिनधास्त, मी असं काही बसवलंय की आता जळणारच नाही.’ तिला गाडी परत मिळेल, मला काही बोलावं लागणार नाही, उलट नावच होईल. हा बेत मी घरी येईपर्यंत चांगला घोळवला. आवडलाही मला.

बायकोला सांगितला. तिला खरं काय ते आजवर सांगितलं नव्हतं, तेही मग सांगावं लागलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली.

‘त्या टेबलाखाली काय होतं, कळलं नाही तुम्हाला?’

‘पोरांचे चौकोन.’

‘पेडल आहेत ती. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. ताई रोज खुर्चीत बसून पाय टाकायची सवय करतात. एका वेळी एकच, एका वेळी एकच. भाऊजी घरी नसताना. मला दाखवलं त्यांनी, आणि म्हणाल्या, माझ्या भावाला सांगू नकोस, तो आधीच माझ्यामुळे अडकलाय.’

मी मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

२७ मार्च

ताईच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. बायकोला सांगितलं, घरी कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात दिवा दिसत होता.

२८ मार्च

आज सांगितलं.

भाऊजी पेपर वाचत होते, ताई चहा गाळत होती. मी बसलोही नाही. ‘गिअरबॉक्स ताईने जाळला नाही. मी जाळला,’ म्हटलं आणि मग थांबता येईना. बंद इंजिन, निम्मं तेल, साहेबांना मारलेली थाप, सगळं. चौकात जे बोललो ते चार माणसं बघत होती म्हणून बोललो, तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. आणि माहीत झाल्यावरही तेच राहू दिलं.

ताईने गाळणं खाली ठेवलं. ‘म्हणजे पाय नव्हता?’

‘नव्हता.’

‘सिग्नलला ब्रेकवर ठेवायचे तो?’

‘ठेवावाच लागतो, ताई. ऑटोमॅटिकला सगळेच ठेवतात.’

‘मी तुला विचारलं होतं. गॅरेजवर. तू म्हणालास, असू शकतं.’

‘म्हणालो.’

‘तुला कधीपासून माहीत होतं?’

‘गाडी खोलली तेव्हापासून.’

तिने मनाशी काहीतरी जुळवलं. मग म्हणाली, ‘आणि मी डबे आणत होते.’ आणि हसली. थोडंसंच, स्वतःलाच. मी तिथल्या तिथे मेलो असतो तर बरं झालं असतं.

भाऊजी उठले. मला वाटलं, आता ते माझी कॉलर धरतील, आणि मला ते हवंच होतं. पण ते माझ्याकडे वळलेच नाहीत. तिच्याजवळ जाऊन म्हणाले, ‘मी भर रस्त्यात बोललो तुला.’ ती म्हणाली, ‘हो. रोज लॅबवर सोडताना गाडीतही बोलत होतात.’ त्यांनी मान खाली घातली. त्या माणसाची मान मी कधी खाली गेलेली पाहिली नव्हती. तीही माझ्यामुळेच.

चहा कुणी घेतला नाही. निघताना मी ताईच्या पायाला हात लावायला वाकलो, तिने पाय मागे घेतला. उजवा.

३० मार्च

ताईचा फोन आला, गाडी घेऊन ये, आधी मैदानावर चालवून बघते. बंद पडलेल्या गिरणीमागे मोठं मोकळं मैदान आहे, तिथे भाऊजी तिला सोडून गेले. ती चालवण्याचे बूट घालून आली होती, पातळ तळव्याचे.

मी शेजारी बसलो. तिने आरसा लावला, सीट पुढे घेतली, पट्टा बांधला, आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, चल. ती पायाकडे बघत होती. पूर्वी ही बाई माझ्याशी बोलता बोलता, मागे न बघता, गल्लीतून गाडी काढायची.

निघाली. हळू, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. छान चालली होती. मैदानात एक उंचवटा आहे, त्यावरून जाताना गाडी जरा हिसकली, कुठलीही गाडी हिसकली असती. ताईने करकचून ब्रेक दाबला. दोन्ही हात वर.

‘हे आत्ताचं माझ्यामुळे झालं ना?’

‘नाही गं. उंचवटा होता.’

‘नक्की?’

‘नक्की.’

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. कुठल्या रोग्याने औषध घेतलं म्हणून सांगावं आणि तिला ते खरं वाटू नये, तेव्हा ती बघत असेल तशी. ‘हे खरं सांगतोयस,’ तिने विचारलं, ‘की मला बरं वाटावं म्हणून?’

खरंच सांगत होतो. पण ‘असू शकतं’ हेही मी याच तोंडाने आणि याच आवाजात म्हटलं होतं. मी शपथ घ्यायला लागलो, तिने हाताने थांबवलं.

‘उतर तू.’

‘ताई, एकटी नको, आधी—’

‘तू शेजारी असलास की मी तुलाच विचारत बसणार. उतर.’

उतरलो. तिने काच खाली केली. ‘आणि हे बघ, रागावू नकोस. यापुढे गाडीचं काम मी दुसरीकडे करीन.’

‘कुठे?’ मी विचारलं. जसं काही तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

‘बघीन. चौकशी करीन चार जणांकडे. तू घरी येत जा, जेवायला ये. भाऊ आहेसच.’

काच वर गेली. तिने मैदानाला एक फेरी मारली, उंचवट्याला वळसा घालून. दुसऱ्या फेरीला त्या उंचवट्यावरूनच नेली. गाडी हिसकली, ती थांबली नाही. पुन्हा वळून पुन्हा त्यावरूनच. मी मध्ये उभा राहून गिअरबॉक्सचा आवाज ऐकत होतो. एकदम स्वच्छ होता. तिसऱ्या खेपेला ती फाटकाकडे वळली. वाटलं, मला घ्यायला थांबेल. थांबली, पण रस्ता मोकळा व्हायला. इंडिकेटर दिला, दोन्हीकडे पाहिलं, आणि गेली.

मी चालत घरी आलो. बायकोने विचारलं, ‘कशा चालवतात ताई आता?’

‘चांगली चालवते,’ मी म्हटलं. ‘पहिल्यापासून चांगलीच चालवते.’

चौकात, त्या चार माणसांसमोर, एवढंच म्हणायचं होतं.